वहीवरचे नाव आपल्या हातचे
(घरच्या घरी स्टीकर तयार करण्याचा एक पाठ)



स्मरणिका म्हटली की तीत धम्मावरचे, चळवळीवरचे आणि इतिहासावरचे लेख येतात, आणि ते यायलाच हवेत. पण घरातली मुले स्मरणिका हातात घेतात, फोटो पाहतात आणि खाली ठेवतात. त्यांना हाताने करता येईल असे काहीतरी या पानांत असावे, असे आम्हांस अनेक दिवस वाटत होते. म्हणून या वेळी आम्ही एका अगदी साध्या वस्तूचा पाठ देत आहोत. ती वस्तू म्हणजे वहीवर चिकटवायचा नावाचा स्टीकर. वस्तू लहान आहे, पण तिच्यामागचा विचार लहान नाही, हे लेखाच्या शेवटी आपल्यालाही पटेल अशी आशा आहे.

हा विषय सुचला कसा?

एका जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही मोठ्या उत्साहाने बाबासाहेबांच्या चित्राचे स्टीकर वाटले. मुलांनी ते सदऱ्यावर, सायकलवर, दप्तरावर, जिथे जागा मिळेल तिथे लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाची झाडलोट करताना केरसुणीखाली तेच स्टीकर आले. काही अर्धे फाटलेले होते, काहींवर चपलांचे ठसे होते. ज्यांच्या तसबिरीपुढे आदल्या संध्याकाळी मेणबत्ती लावली, त्यांचे चित्र सकाळी केरात होते. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. वाटणारे आम्हीच होतो. त्या दिवशी आमच्यातील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "चित्र वाटण्यापेक्षा पोरांना काहीतरी करायला शिकवा." तेथून आमच्या रविवारच्या बालसंस्कार वर्गात हा पाठ सुरू झाला. त्यात जे जमले ते आणि जे चुकले तेही येथे सांगत आहोत.

सातारा आणि एक नाव

आपण साताऱ्याची माणसे. राजवाड्यातील आजच्या प्रतापसिंह हायस्कूलचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत, इंग्रजी पहिलीच्या वर्गात, नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये नोंद आहे ती भिवा रामजी आंबेडकर अशी. १९०४ पर्यंत ते येथे शिकले. २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने हा ७ नोव्हेंबर 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्याचे ठरविले. कागदावर उमटलेले एक नाव शतकानंतर साऱ्या राज्यातील विद्यार्थ्यांचा दिवस ठरते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

पण त्याच मुलाला त्याच जिल्ह्यात दुसरा अनुभवही आला. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या इंग्रजी आठवणींत तो सांगितला आहे. १९०१ साली वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. सुट्टीत त्यांच्याकडे जाण्यासाठी घरातील मुले साताऱ्याहून निघाली आणि रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर भरजरी टोप्या, पायात नवे जोडे. स्टेशनमास्तरने कपड्यांवरून ती ब्राह्मणाची मुले असावीत असे धरले आणि आस्थेने चौकशी केली. कोणाची मुले, असे विचारल्यावर मुलांनी खरे ते सांगितले. त्या एका शब्दासरशी त्याचा चेहरा बदलला. पुढे बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे कबूल करून, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर प्रवास झाला.

आता विचार करा. स्टेशनमास्तरने त्या मुलांवर आधी एक चिठ्ठी चिकटवली ती कपडे पाहून. मग ती काढून दुसरी चिकटवली ती जात ऐकून. दोन्ही वेळा मूल तेच होते. त्याचे नाव काय, ते कितवीत शिकते, त्याला कोणता विषय आवडतो, हे विचारण्याची गरज त्याला भासली नाही. शतकानुशतके आपल्या समाजावर अशा चिठ्ठ्या दुसऱ्यांनी लिहिल्या आणि दुसऱ्यांनीच चिकटविल्या. म्हणून आम्हांस वाटते की आपल्या मुलाने शाळेच्या पहिल्या दिवशी वहीवर जी चिठ्ठी लावायची, ती त्याने स्वतः आखलेली, स्वतः लिहिलेली आणि स्वतः चिकटवलेली असावी.

चिकटते म्हणजे काय होते?

कृतीकडे वळण्यापूर्वी थोडे शास्त्र. मुलांना 'का' हे कळले की 'कसे' हे पाठ करावे लागत नाही.

आपल्या आजीच्या काळी बायका कपाळावर आधी मेणाचे बोट लावीत आणि त्यावर कुंकू टेकवीत. मेण नसले तर कुंकू घामाबरोबर ओघळे. मेण दोन्हींना धरून ठेवी. चिकटवण्याची सारी विद्या यातच आहे. दोन वस्तूंच्या मध्ये असे काहीतरी हवे, जे दोन्हींवर नीट पसरेल आणि मग तेथेच टिकून राहील.

हे टिकून राहणे तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार खळीचा. खळ ओली असताना कागदाच्या बारीक तंतूंत शिरते आणि वाळली की तेथे घट्ट बसते. दुसरा प्रकार पोस्टाच्या तिकिटाचा. त्याच्या पाठीवर डिंक आधीच लावून वाळवलेला असतो आणि पाणी लागले की तो पुन्हा जागा होतो. इंग्लंडमध्ये १८४० साली निघालेल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या पाठीवर असाच गोंद होता. १४ एप्रिल १९६६ रोजी भारतीय टपाल खात्याने बाबासाहेबांचे १५ पैशांचे तिकीट काढले, ते आपल्यापैकी काहींच्या संग्रहात असेल. तिसरा प्रकार टिकलीचा. तिच्या मागचा चिकट थर कधी पूर्ण वाळतच नाही, म्हणून नुसते दाबले की ती बसते. रात्री आरशाला लावून ठेवली तर सकाळी पुन्हा कपाळावर लागते. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे स्टॅन्टन एव्हरी यांनी १९३५ साली या जातीची लेबले तयार करण्याचा उद्योग सुरू केला. टिकलीच्या पाकिटाचा जो गुळगुळीत कागद असतो, त्यावर आज बहुधा सिलिकॉनचा पातळ थर देतात. म्हणून त्याला काही पक्के चिकटत नाही आणि टिकली सहज सुटते.

खळ, डिंक आणि टिकली या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढच्या तिन्ही कृती सोप्या आहेत.

आधी लेबल आखून घ्यावे

एक साधा ए-४ आकाराचा पांढरा कागद घ्यावा. तो २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. मधोमध उभी रेघ मारून दोन भाग करावेत. मग वरून खाली ४९ मिलिमीटरवर एकेक आडवी रेघ मारावी. सहा ओळी बसतात आणि खाली ३ मिलिमीटरची पट्टी उरते. एका कागदातून १२ लेबले निघाली. एका मुलाच्या वर्षभराच्या वह्यांना सहसा तेवढी पुरतात.

प्रत्येक लेबलाच्या डाव्या बाजूस धम्मचक्र आणि उजवीकडे चार ओळी ठेवाव्यात. नाव, इयत्ता व तुकडी, विषय आणि शाळा. घरचा पत्ता आणि फोन नंबर वहीच्या बाहेर लिहू नये, तो आत लिहावा.

धम्मचक्राचे आठ आरे बरोबर कसे काढायचे, असा प्रश्न मुले विचारतात. त्यासाठी कोनमापक लागत नाही. वाटीच्या किंवा बाटलीच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवून कागदाचे एक वर्तुळ कापावे. ते एकदा मध्ये दुमडावे, पुन्हा दुमडावे आणि तिसऱ्यांदा दुमडावे. उघडल्यावर आठ सारखे भाग दिसतात. मध्यापासून कडेपर्यंतची प्रत्येक घडी म्हणजे एक आरा, आणि समोरासमोरच्या दोन घड्या मिळून मधून जाणारी सरळ रेघ. घड्यांवर रेघा ओढल्या की आठ आरे तयार. घड्या घालतानाच सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीविका, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी ही आठ नावे म्हणून घ्यावीत. आमच्या वर्गातील ज्या मुलांना आर्य अष्टांगिक मार्ग वर्षभर पाठ होत नव्हता, त्यांना तो घड्या घालताना आला.

बारा लेबलांवर बारा वेळा चक्र काढायचा कंटाळा येत असेल तर बटाट्याचा ठसा करावा. बटाटा मधून आडवा कापावा, कापलेली बाजू फडक्याने टिपून कोरडी करावी. त्यावर साधारण २५ मिलिमीटरचे चक्र काढून, मोठ्या माणसाने आऱ्यांमधला भाग चाकूने दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढावा. निळा पोस्टर कलर थोड्या पाण्यात घट्ट कालवून ब्रशने ठशाला लावावा आणि अलगद टेकवावा. पहिले दोन-तीन ठसे रद्दी कागदावर उमटवावेत. येथे आमची एक फजिती झाली. एका मुलाने मोठ्या हौसेने बटाट्यावर 'जय भीम' कोरले, आणि कागदावर ते उलटे उमटले. ठशातली अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. चक्र मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच असल्याने त्याला उलटे-सुलटे नाही. म्हणून ठसा चक्राचा करावा आणि अक्षरे हाताने लिहावीत.

कृती पहिली : खळ

दोन चमचे मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक घ्यावी. आधी थोड्याशा थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावी, मग एक कप होईल एवढे पाणी घालावे. मंद आचेवर ठेवून सारखे ढवळत राहावे. पांढरट रंग जाऊन ती काचेसारखी थोडी पारदर्शक दिसू लागली की उतरवावी. गार झाल्यावर लेबलाच्या पाठीवर पातळ थर द्यावा, लेबल वहीवर ठेवून मधून कडांकडे फडक्याने दाबत जावे आणि वही वजनाखाली ठेवावी.

ही खळ दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. जाड थर दिला तर कागद सुरकुततो आणि पुढे झुरळे त्यावर येतात. पुस्तक बांधणारे कारागीर किडीपासून राखण्यासाठी खळीत मोरचूद घालीत असत. मोरचूद विषारी असते. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत ते कदापि घालू नये.

कृती दुसरी : डिंकाचे लेबल

ही कृती खरी स्टीकरची, कारण लेबल करून ठेवता येते आणि हवे तेव्हा लावता येते. बाभळीचा स्वच्छ डिंक किंवा लाडवासाठी आणतो तो खायचा डिंक घ्यावा. कुटून एक भाग डिंक आणि दोन भाग पाणी असे रात्रभर भिजत घालावे. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावे. एका वाटीला अर्धा चमचा साखर विरघळवावी. साखरेमुळे वाळलेला थर कडक होऊन तडकत नाही.

रेघा आखलेला आणि मजकूर लिहिलेला कागद पालथा घालावा. ब्रशने एक पातळ हात द्यावा, वाळू द्यावा आणि मग दुसरा हात द्यावा. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात चांगले. कागद वाळताना डिंकाच्या बाजूला वळतो, पापडासारखा. घाबरू नये. पुरता वाळल्यावर दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवावा. नंतर कात्रीने लेबले कापावीत. लावताना पाठ ओल्या फडक्याने पुसावी आणि दाबावी. जीभ लावण्याची सवय मुलांना लावू नये. एकाच फडक्याने दहाजणांचे काम होते आणि आजार पसरत नाही.

शाळा जूनच्या मध्यात उघडते, आणि आपल्याकडे त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. पहिल्या वर्षी आम्ही हा उद्योग जून महिन्यात केला. डिंक वाळेना, आणि वाळलेली लेबले डब्यात एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. तेव्हापासून आम्ही ही लेबले मे महिन्यात, वैशाख पौर्णिमेच्या सुमारास करतो. कडक उन्हात एका दुपारीत कागद वाळतो. मग प्रत्येक दोन लेबलांमध्ये बटर पेपरचा तुकडा घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

कृती तिसरी : चिकटपट्टीचा स्टीकर

पाण्याची बाटली, जेवणाचा डबा किंवा कंपासपेटी यांवर खळ आणि डिंक टिकत नाहीत. तेथे टिकलीचे तत्त्व वापरावे. बाजारात दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी मिळते. तिच्या एका बाजूला गुळगुळीत कागद असतो. लेबलाच्या पुढच्या बाजूवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी हवा राहू न देता बसवावी. मागच्या बाजूस दुहेरी पट्टी शेजारी शेजारी लावावी, पण तिचा गुळगुळीत कागद काढू नये. आता आकारात कापावे. स्टीकर तयार झाला. लावायच्या वेळी मागचा कागद सोलावा. पुढची पारदर्शक पट्टी लेबलाच्या कडांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवली तर ती डब्याला कडेने धरून बसते आणि पाणी आत शिरत नाही.

ज्यांच्याकडे संगणक आणि प्रिंटर आहे त्यांनी तयार चिकट कागद आणावा. छापील अक्षर लहान चालते, म्हणून ए-४ कागदावर तीन उभ्या आणि आठ आडव्या ओळींत ७० बाय ३७ मिलिमीटरची २४ लेबले बसतात. शाईच्या फवाऱ्याच्या प्रिंटरची अक्षरे बहुधा पाणी लागताच पसरतात. लेझर प्रिंटरची पसरत नाहीत. तरीही लहान मुलांनी एकदा तरी हाताने लिहावे असा आमचा आग्रह आहे.

डब्यावरचा जुना स्टीकर काढायचा असेल तर वरचा कागद सोलून उरलेल्या चिकटपणावर खायचे तेल चोळावे, पंधरा मिनिटे ठेवावे आणि साबणाने धुवावे. चाकूने खरडून डबा खराब करू नये.

पाळावयाच्या गोष्टी

१. तथागत बुद्ध, बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीमाई यांची चित्रे वाटेल तेथे चिकटवू नयेत. चित्राची जागा भिंतीवर, पुस्तकात आणि तसबिरीत. वही, बाटली, सायकल यांवर चक्र, पिंपळपान, लेखणी किंवा पुस्तक काढावे.

२. चार सिंहांची राजमुद्रा आपल्या सम्राट अशोकांच्या सारनाथच्या स्तंभावरून घेतली आहे, म्हणून मुलांना ती काढावीशी वाटते. चित्रकलेच्या वहीत काढावी, पण स्टीकर करून लावू नये. तिच्या गैरवापरास २००५ च्या कायद्याने बंदी आहे. चक्राच्या व्यापारी वापरावरही १९५० च्या कायद्याने निर्बंध आहेत. विकण्यासाठी काही केले तर त्यावर पिंपळपान किंवा लेखणी असावी. राष्ट्रध्वजावर कोणतेही अक्षर लिहिण्यास ध्वजसंहितेत मनाई आहे.

३. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर नंबराखेरीज काहीही चिकटवू नये. ते नियमाविरुद्ध आहे. दंड भरून अभिमान वाढत नाही.

४. वर्ष संपल्यावर वह्या रद्दीत देण्यापूर्वी लेबले काढून घ्यावीत. दरवर्षीचे एक लेबल जुन्या वहीत चिकटवून जपावे. पहिलीतल्या आणि दहावीतल्या अक्षरातला फरक पाहून मूल स्वतःच चकित होते.

आडनावाचा प्रश्न

आता ज्या प्रसंगाने आम्हांस सर्वाधिक विचार करायला लावला तो सांगतो. वर्गातील एक मुलगा लेबलावर फक्त आपले पाळण्यातले नाव लिहून थांबला. पूर्ण नाव लिही म्हटले तर गप्प. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "आडनाव लिहिलेच पाहिजे का? त्यावरून मग विचारतात."

काय विचारतात, ते आम्ही विचारले नाही. खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते ठाऊक होते. मसूरच्या स्टेशनमास्तरने १९०१ साली विचारले होते तेच. काळ बदलला, प्रश्न विचारण्याची पद्धत सौम्य झाली, आडनावावरून, गावावरून, गल्लीवरून. पण प्रश्न गेला नाही.

यावर आमच्यात दोन मते पडली. काही जण म्हणाले, लपवायचे कशाला? पूर्ण नाव ठळक लिहावे, ज्यांना विचारायचे त्यांना विचारू द्यावे. काही जण म्हणाले, नऊ वर्षांच्या लेकराच्या खांद्यावर आपण चळवळीचे ओझे का ठेवावे? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शेवटी असे ठरले की वर्गात कोणावरही सक्ती करायची नाही. लेबल त्याचे आहे, वही त्याची आहे, काय लिहायचे हे तोच ठरवील. मात्र ठरवण्यापूर्वी त्याला राजवाड्यातल्या त्या रजिस्टरची गोष्ट सांगायची. वर्गात वेगळे बसावे लागे, शिपाई नसला तर पाण्याला हात लावता येत नसे, अशा काळात नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, तिन्ही त्या पानावर लिहिले गेले. पुढे त्या आडनावाचा अर्थ त्या मुलाने बदलला. आडनावाने त्याचा अर्थ ठरवला नाही.

त्या मुलाने त्या दिवशी लेबल तसेच अर्धे ठेवले. आम्हीही काही बोललो नाही. नंतरच्या एका रविवारी त्याने दोन लेबले दाखवली. एकावर नुसते नाव होते, दुसऱ्यावर पूर्ण. "गणिताच्या वहीला पूर्ण लावतो," तो म्हणाला, "त्यात मला चांगले मार्क पडतात." आम्हांस त्यातच समाधान वाटले. ज्या विषयात त्याला स्वतःचा भरवसा वाटला, तेथे त्याने पूर्ण नाव लावले. बाकीच्या वह्याही हळूहळू येतील. भरवसा हा बाहेरून चिकटवता येत नाही, तो अभ्यासाने येतो.

स्वावलंबनाचा धडा

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि श्रम करून शिकली. बाबासाहेबांनी 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे चालवली, कारण आपले म्हणणे दुसऱ्यांच्या छापखान्यातून येईल ही आशा व्यर्थ होती. आपल्याविषयी लिहिलेला कागद आपला असावा, हा त्यामागचा विचार. मुलाच्या वहीवरचा तळहाताएवढा कागद ही त्याचीच अगदी पहिली पायरी आहे.

दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या, दिनदर्शिकांच्या, बिल्ल्यांच्या दुकानांच्या रांगा आपण पाहतो. त्यांवर अनेक घरे चालतात. आपल्या महिला मंडळांनी आणि तरुणांनी मे महिन्यात वह्यांची लेबले करून शाळा उघडताना विकली तर मुलांच्या पुस्तकांचा खर्च त्यातून निघू शकेल. ही सम्यक् आजीविकाच होय. माल मात्र चोख असावा. डिंक दोन हातांचा, कड सरळ, शुद्धलेखन बिनचूक.

आमची एक विनंती आहे. येत्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिवशी, आपल्या वस्तीतील दहा-पंधरा मुलांना एकत्र बसवावे. मध्ये खळीचे पातेले आणि निळा रंग ठेवावा. तीन घड्यांचे चक्र करून घ्यावे. मग प्रत्येकाने आपल्या हाताने आपले नाव लिहावे. ज्या आजीला लिहिता येत नाही तिलाही बसवावे आणि नातवाने तिचे नाव तिला गिरवायला द्यावे. ते लेबल वहीला लावू नये. ते घराच्या दारावर लावावे.

जय भीम! जय भारत! नमो बुद्धाय!